वाचकांचे प्रश्न : शिडाच्या होडीची शर्यत

२०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताला शिडाच्या होड्यांत पदकं मिळाली आणि बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणीकडून या खेळाबद्दल पत्रं येऊ लागली. डिंगी, म्हणजे एक-दोन माणसांच्या बिनइंजिनाच्या होडीच्या शर्यतीविषयीची निवडक पत्रं इथं घेतली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं छापलेली नाहीत.

मुलगी दहा वर्षांची आहे. दोन वर्षं गोवावेसच्या जलतरण तलावात पोहते. हांगझोऊला नेहा ठाकूरला रौप्य मिळाल्याचं पाहिल्यापासून तिच्या डोक्यात होडीच बसली आहे. बेळगावला समुद्र नाही, आमच्या ओळखीत कुणी या खेळातलं नाही. सुरुवात कुठून करायची? होडी विकत घ्यावी लागेल का?
— एक पालक, शहापूर, बेळगाव

होडी घेऊ नका. निदान पहिले दोन हंगाम तरी नाही. तिच्या वयाची होडी म्हणजे ऑप्टिमिस्ट: २.३६ मीटर लांब, ३५ किलोची, एका शिडाची. ती क्लबाकडे असते आणि शिबिरात वापरायला मिळते. पैसे खर्च करायचे ते पाण्यावरच्या दिवसांवर करा.

समुद्र नसल्याचं मनाला लावून घेऊ नका. नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली. ती घडली भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये, तिथल्या मोठ्या तलावावर. हैदराबादचा हुसेनसागर तर भर शहरात आहे, आणि तिथला यॉट क्लब गरीब घरच्या मुलांना ऑप्टिमिस्टवर तयार करतो. तलावावरचा वारा मिनिटामिनिटाला दिशा बदलतो, त्यामुळं तिथली मुलं वारा ओळखायला लवकर शिकतात. लाटांवर होडी कशी चालवायची ते मात्र त्यांना समुद्रावर जाऊन पुन्हा शिकावं लागतं.

तुम्हाला जवळचं पाणी गोव्याचं. पणजीजवळ दोनापावल्याच्या हवाई बीचवरून डिंगीच्या शर्यती होतात आणि चोर्ला घाटानं तिथं पोचायला तीनेक तास लागतात. हंगाम नोव्हेंबर ते मे. सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि मंद असतो, अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो. मग समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा वारा सुरू होऊन दुपारी चारपर्यंत वाढत जातो. म्हणजे पहाटे सहाला बेळगाव सोडलं तरी काही चुकत नाही. पोचून शीड चढवून होईतो वारा येतो. जून ते सप्टेंबर गोव्याचा समुद्र डिंगीला बंद समजा, आणि घाटात पाऊस नि धुकं. ते चार महिने पोहण्याला, गाठींना आणि नियमांच्या अभ्यासाला द्या. बोलाइन, आठाची गाठ आणि क्लोव्ह हिच या तीन गाठी डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत. हुसेनसागरवर मात्र याच दिवसांत, जुलैत, मॉन्सून रेगाटा, म्हणजे शर्यतींची स्पर्धा, भरते, कारण तलावाला समुद्रासारख्या लाटा नसतात.

शिबिराचे पैसे भरण्याआधी विचारून घ्या: शिकाऊ मुलांच्या किती होड्यांमागे एक मोटरबोट असते? सहामागे एक असेल तर बरं, बारामागे एक असेल तर दुसरीकडे पाहा. मोटरबोटीवर चालक सोडून आणखी एक माणूस असतो का, तेही विचारा. पोरगी पाण्यात असेल तेव्हा चालकाला इंजिन सोडून तिला उचलता येत नाही.

तलावातलं पोहणं चांगलं आहे, पण कपड्यांसकट ५० मीटर पोहून पाच मिनिटं एका जागी तरंगता येतं का ते बघा. लाइफ जॅकेट ५० न्यूटनचं, पायांमधून पट्टा असलेलं हवं. घालून झाल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठ्या मापाचं घेणं ही आपल्याकडची सवय इथं जिवावर बेतते.

पाच-सहा दिवसांच्या शिबिराअखेर तिला तीन गोष्टी याव्यात: स्वतः शीड चढवणं, बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) त्रिकोणाला फेरी मारणं आणि उलटलेली होडी सरळ करणं. ऑप्टिमिस्ट उलटली की आधी मेनशीट, म्हणजे शिडाची दोरी, मोकळी सोडायची. मग तळाकडच्या बाजूला पोहत जाऊन डॅगरबोर्ड (होडीच्या मधून खाली जाणारी फळी) दोन्ही हातांनी धरून त्यावर भार द्यायचा. होडी सरळ होते, पण पाण्यानं भरलेली. मागच्या बाजूनं आत चढायचं, मधोमध बसायचं आणि बादलीनं पाणी उपसायचं. इथं दोनच गोष्टी बिघडतात: होडीतल्या तीन हवेच्या पिशव्यांपैकी एखादी ढिली असते, किंवा बादली बांधलेली नसते आणि वाहून जाते. पाण्यात जाण्यापूर्वी दोन्ही तपासायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

शिडाकडेही बघायला शिकवा. ऑप्टिमिस्टचं शीड तिरक्या काठीनं, म्हणजे स्प्रिटनं, ताणलेलं असतं. डोलकाठीच्या टोकाजवळच्या कोपऱ्यापासून बूमच्या (शिडाखालच्या आडव्या काठीच्या) मागच्या टोकाकडे सुरकुती पडली तर स्प्रिट ढिला आहे. शिडाच्या उंच टोकापासून खाली डोलकाठीच्या बुडाकडे पडली तर जास्त ताणला आहे. आणि मेनशीट हाताला कधीही गुंडाळायची नाही.

मी १४ वर्षांचा, वजन ५२ किलो. तीन उन्हाळे गोव्यात ऑप्टिमिस्ट चालवली. आता वाऱ्याच्या विरुद्ध जाताना माझी होडी जड पडते. पुढं कुठली घ्यावी? दुसरं, सुरुवातीच्या रेषेवर मी नेहमी मागच्या रांगेत अडकतो.
— एक विद्यार्थी, खानापूर

ऑप्टिमिस्टच्या शर्यतीत तू पंधरा वर्षांचा होशील त्या वर्षाअखेरपर्यंत उतरू शकतोस, पण ५२ किलोला ती होडी तुला साथ देणार नाही. आयएलसीए ४ वर जा. या होडीला पूर्वी लेझर म्हणत. ४.२३ मीटरचं, ५९ किलोचं तेच हल, म्हणजे होडीचं धड, राहतं, फक्त डोलकाठी आणि शीड बदलतं: ४ ला ४.७ चौरस मीटर, ६ ला ५.७६, ७ ला ७.०६. म्हणजे तू वाढशील तशी होडी बदलावी लागत नाही. साठीच्या पुढं गेलास की ६, आणि ८० किलोच्या आसपास पोचलास तरच ७. बरोबरीचा, न भांडणारा जोडीदार मिळाला तर २९अर (29er) किंवा ४२० या दोघांच्या होड्याही आहेत. पण जोडीदार बेळगावात आणि सराव गोव्यात असं किती महिने जमेल याचा हिशेब आधी कर.

नव्या होडीत पहिल्या महिन्यात छळणारी गोष्ट आत्ताच सांगतो. वारा पाठीशी असताना शीड एका बाजूवरून दुसरीकडे नेताना मेनशीट होडीच्या मागच्या कोपऱ्यात अडकते आणि तू पाण्यात जातोस. बूम मध्यावर आली की शीटला एक झटका देऊन ती हवेत उचलायची. वँग (बूम खाली खेचणारी दोरी) फार ताणलेली असेल तर बूम डोक्याला लागते, म्हणून वळण्याआधी ती थोडी सैल कर.

आता रेषेचं. इशाऱ्याचा झेंडा पाच मिनिटं आधी, तयारीचा चार मिनिटं आधी लागतो, तो एक मिनिट आधी उतरतो, आणि शून्याला सुरुवात. मागच्या रांगेत अडकायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: शेवटच्या मिनिटात रेषेवर जागा धरून उभं राहता येत नाही. त्यामुळं मुलं लांब फिरत राहतात आणि तीस सेकंद उरल्यावर परततात, तोवर होड्यांची भिंत उभी राहिलेली असते. सराव असा कर: एका बोयाशेजारी शीड फडफडत ठेवून होडी साठ सेकंद एका होडीच्या लांबीच्या आत रोखून धर. वीस सेकंद जमलं तरी पहिल्या दिवशी पुरे.

शर्यतीत रेषेच्या मध्यावर होडी नेऊन नाक नेमकं वाऱ्यात धर. नाक ज्या टोकाकडे झुकलेलं दिसेल ते टोक वाऱ्याला जवळ, म्हणजे फायद्याचं. पण अगदी त्या टोकाला सगळे गर्दी करतात. तू थोडा आत थांब. आपल्या खालच्या बाजूला, वारा जिकडे जातो तिकडे, दोन होड्यांची जागा मोकळी ठेव आणि ती शेवटपर्यंत राखून ठेव. बारा-पंधरा सेकंद उरले की नाक किंचित खाली सोड, शीट ओढ, बाहेर झुक आणि होडी सपाट कर. त्या जागेचाच वेग मिळतो. कुणी खालून आत घुसलं तर नियम ११ प्रमाणे वरच्या होडीनं, म्हणजे तू, बाजूला व्हायचं आहे. हे विसरलास तर दोन चक्करांचा दंड.

रेषेनंतर वाऱ्याचं वळण ओळखायला शीक. दोन होड्या बाजूबाजूला १०० मीटर अंतरावर आहेत आणि वारा १० अंश वळला, तर ज्या बाजूला वळला त्या होडीला साधारण २५ मीटरचा फायदा होतो. हातांच्या जोरानं इतकं अंतर कुणी काढत नाही.

रोज भिंतीला पाठ टेकवून खुर्चीच्या अवस्थेत बस, मिनिटाचे चार फेरे. होडीबाहेर लटकताना मांडीचा पुढचा स्नायू असाच अडकून राहतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर फेरे कमी कर आणि मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम वाढव. दुखणं दाबून करू नकोस.

शर्यत जिंकूनही मागं पडणं कसं होतं? गुण कसे मोजतात?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, चिकोडी

पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, असं जितकं मागं तितके जास्त. शेवटी ज्याचे सर्वांत कमी तो पहिला. ठरावीक शर्यती झाल्या की प्रत्येकाची सर्वांत वाईट एक वजा होते. नेहा ठाकूरचे ११ शर्यतींत ३२ गुण झाले होते, त्यातला सर्वांत वाईट ५ वजा जाऊन २७ उरले.

समजा ४० होड्या आहेत. 'अ' चे क्रमांक ७, ४, ११, ६, ९, आणि एका शर्यतीत काळ्या झेंड्याखाली रेषा आधी ओलांडली म्हणून बाद. बाद म्हणजे होड्यांची संख्या अधिक एक, ४१ गुण. तो वजा केला की एकूण ३७. 'ब' नं १, २, १८, ३, २२, १५ असे क्रमांक काढले, २२ वजा जाऊन ३९. 'ब' नं एक शर्यत जिंकली, 'अ' नं एकही नाही, तरी 'अ' पुढं. 'अ' ला यापुढं दुसरी चूक मात्र परवडत नाही, कारण त्याची सूट संपली. हांगझोऊतच भारताच्या विष्णू सरवणनला ३४ गुणांवर कांस्य मिळालं, रौप्य ३३ वर गेलं. कुठल्यातरी शर्यतीतली एकच होडी पुढं-मागं.

हिडकल जलाशय आमच्या दारात आहे. चार-पाच जणांनी मिळून जुन्या दोन डिंगी आणून मंडळ सुरू करायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?
— तरुण मंडळ, हुक्केरी तालुका

पहिलं काम पाटबंधारे खात्याकडे. हिडकलचं पाणी पिण्यासाठीही जातं, त्यामुळं लेखी परवानगीशिवाय होडी पाण्यात घालू नका. धरणाच्या भिंतीपासून आणि दरवाजांपासून किती अंतर ठेवायचं ते त्यातच लिहून घ्या. राकसकोपचा विचार तर करूच नका, तो शहराच्या नळाचा तलाव आहे.

दुसरं, होड्या दोन आणायच्या असतील तर पैसे तीन होड्यांचे धरा, आणि तिसरी मोटरबोट. तीच आधी घ्या. त्यावर गळ्यात किंवा हाताला अडकवायची इंजिन-बंद दोरी, ओढायचा दोर, धारदार सुरी आणि किनाऱ्यावर पाण्यात गेलेल्यांची नावं लिहिणारा एक माणूस. परत आलेल्यानं स्वतः नावापुढं खूण करायची. हे कंटाळवाणं वाटतं म्हणूनच पहिल्या महिन्यानंतर मंडळं ते सोडून देतात.

जलाशयाचा खरा धोका पाण्याखाली आहे. पावसाळ्यानंतर भरलेलं पाणी मेपर्यंत खूप उतरतं आणि खोडं, जुने बांध, खडक वर येतात. आयएलसीएचा डॅगरबोर्ड तळाखाली पाऊण मीटरच्या आसपास जातो. वेगात खडकाला लागला तर त्याच्या खोबणीला तडा जातो आणि हलमध्ये पाणी शिरतं. डोलकाठी सहा मीटरच्या आसपास असते. त्याहून उथळ पाण्यात होडी पूर्ण पालथी झाली तर काठी गाळात रुतते. अशा वेळी डॅगरबोर्डवर उड्या मारू नका, काठी वाकते. मोटरबोटीनं होडीच्या नाळेला (पुढच्या टोकाला) दोर लावून, काठी ज्या दिशेनं रुतली त्याच रेषेत हळू मागं ओढायचं. दर महिन्याला पाण्याची पातळी बघून खोडांवर बोये बांधा.

वारा नवशिक्यांसाठी दहा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. पाण्यावर पांढरे फेस जागोजागी दिसू लागले की नवे लोक बाहेर. एप्रिल-मेच्या वळवाच्या दुपारी ढग काळे व्हायच्या आधीच या, नंतर नव्हे. वळवाचा पहिला झोत पावसाआधी येतो आणि ॲल्युमिनियमची काठी विजेला बोलावते. किनाऱ्यावर शीड चढवण्याची जागा विजेच्या तारांपासून दूर ठेवा.

जुनी होडी घेताना डेकवर गुडघे टेकून दाबा. मऊ लागलं तर आतला थर सुटलाय. डोलकाठी बसते त्या नळीत पाणी भरून दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर हलमध्ये गळती आहे, आणि अशी नळी जोराच्या वाऱ्यात काठीसकट फाटून निघते. तशी होडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मी माजी सैनिक. नातू या खेळात पडला तर नोकरी मिळेल का?
— निपाणी

मार्ग आहेत, पण अरुंद. विष्णू सरवणन हे लष्करात आहेत, आणि देशातले बरेच चांगले सेलर लष्कर-नौदलातलेच. लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्यांत ८ ते १४ वयाची मुलं घेतात, शाळा आणि खेळ एकत्र. नौदलाची शिडाच्या होडीची अशी कंपनी गोव्यात आयएनएस मांडवीवर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळं बेळगावकरांना भरती नवी नाही, पण कुठल्या केंद्रात कुठला खेळ आहे ते निवड चाचणीची जाहिरात बघूनच ठरवा. एनसीसीच्या नौदल शाखेत एंटरप्राइझ या दोघांच्या होडीवर शिकता येतं. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्याच्या यादीत यॉटिंग आहे.

वरची पायरी मात्र महाग आहे. ऑलिंपिकला प्रत्येक प्रकारात एका देशाची एकच होडी जाते. पॅरिसला आयएलसीए ७ मध्ये ४३ होड्या होत्या, विष्णू १८ वे आले. आयएलसीए ६ मध्येही ४३, नेत्रा कुमानन २१ वी. ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती भारताची पहिली महिला सेलर. चेन्नईची ही मुलगी इंजिनिअरिंग करत करत स्पेनच्या ग्रॅन कनारिया बेटावर सरावाला जात होती. तिथपर्यंत पोचण्यासाठी प्रायोजक किंवा सेनादल लागतंच. शिक्षण सोडू नये, हे नातवाला आत्ताच सांगा. शर्यत सुटल्यावर प्रशिक्षक, शर्यत अधिकारी, होड्या मोजणारा तपासनीस, शिडं शिवणारा अशी कामं उरतात, आणि चांगला तपासनीस मिळणं आजही कठीण आहे.

उद्यमबागेत आमचं ॲल्युमिनियम, स्टेनलेस आणि फायबरचं काम चालतं. एका क्लबानं ट्रॉल्या आणि दुरुस्ती विचारली आहे. सुटे भागही करून देता येतील का?
— एक कारखानदार, बेळगाव

ट्रॉली बिनधास्त करा. भाग नको. आयएलसीएच्या शर्यतीत हल, डोलकाठी, शीड, डॅगरबोर्ड, सुकाणू मान्यताप्राप्त उत्पादकाचेच चालतात. तुमचा भाग कितीही सरस असला तरी तपासनीस होडी बाहेर काढेल.

ट्रॉलीत हलचा भार काठाच्या कडेखाली घ्या, सपाट तळाखाली नको, तळ दबून खड्डा पडतो. आस अशा जागी ठेवा की होडी चढवल्यावर हातात चार-पाच किलोच वजन यावं. वाळूसाठी रुंद हवेची चाकं हवीत. बॉल बेअरिंग घालू नका, खाऱ्या पाण्यात दोन महिन्यांत जाम होतात. नायलॉनची बुश पुरते. नळ्यांना खालून भोक ठेवा, नाहीतर पाणी आत साठून आतून गंजतात.

वाकलेली डोलकाठी वेल्ड करू नका. टेंपर केलेल्या ॲल्युमिनियमची ताकद वेल्डजवळ बरीच घटते आणि काठी पुढच्या जोराच्या वाऱ्यात तिथंच मोडते. स्टेनलेसचं फिटिंग ॲल्युमिनियमवर बसवताना मोनेलचे रिव्हेट वापरा आणि मध्ये नायलॉनची चकती किंवा झिंक क्रोमेटची पेस्ट घाला. दोन धातू मिठाच्या पाण्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं.

हलवरचे ओरखडे पॉलिस्टर जेलकोटनं भरा, हार्डनर एक ते दोन टक्के. आधी ओरखडा व्ही-आकारात उघडा, गोड्या पाण्यानं मीठ धुवा आणि पूर्ण वाळू द्या. बेळगावच्या जुलैत हे काम हीटर असलेल्या खोलीतच करा. जेलकोट हवेत वरून चिकट राहतो, म्हणून भरून झाल्यावर प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटवा किंवा वॅक्स मिसळा. मग ४०० पासून १२०० पर्यंत ओला पॉलिश पेपर आणि शेवटी कंपाउंड. आधीची दुरुस्ती एपॉक्सीची असेल तर त्यावर पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणून होडी हातात घेण्याआधी क्लबाला ते विचारा.